मालीमचा बर्फ

लॅबचं बर्फाचं यंत्र बिघडलं,
म्हणून मालीमच्या जेटीवर गेले.
कायतानने खोक्यात डोकावून विचारलं,
"आनी बांगडे खंय आसात?"
म्हटलं, पेशी आहेत. माणसाच्या डोळ्यातल्या.
तो हसला नाही. दोन फावडी बर्फ जास्तच घातला.

अर्धा तास बर्फावर ठेवलं
की पेशीतल्या सूक्ष्म नळ्या विरतात.
रस्तेच नाहीत, तर ओझी वाहणारी प्रथिनं
असतील तिथे उभी.
मग सदतीस अंशांची ऊब, मोजून एक मिनिट.

पहिल्या काचेवर ठरल्याप्रमाणे:
गॅमा-ट्युब्युलिनच्या कड्या केंद्राला बिलगलेल्या,
प्रत्येक कडीतून एक नळी,
सगळ्या मिळून तारा.
कड्यांना तिथे धरून ठेवतं पेरिसेंट्रिन.
दुसऱ्या काचेत मी त्याचाच आवाज बंद केला होता,
आणि वहीत आधीच लिहिलं होतं, शाईने:
इथे काही उगवणार नाही.

रात्री दीड. बांबोळीच्या पठारावर
कुत्रीसुद्धा दमून गप्प.
भिंगाखाली केंद्र मुकं, खरंच मुकं.
पण जरा बाजूला, गॉल्जीच्या घड्यांमधून
निघालेल्या आखूड, वाकड्या,
एकमेकींकडे पाठ केलेल्या
नळ्या.
किती वेळ मोजत बसले. एकोणीस. परत मोजल्या, एकवीस.

वहीतली ओळ खोडली नाही.
खाली तारीख घातली,
पुढे काय लिहावं ते सुचेना.
बोटांना मासळीचा वास येत होता,
आणि कायतानचे चाळीस रुपये द्यायचे राहिलेत.