वहीचा चौथा रकाना

डिसेंबर लागला की ह्यांची वही निघते.
येळ्ळूरच्या सोसायटीनं दिलेली; मागच्या पानांवर
कुणाच्या तरी भातपोत्यांची उधारी,
पुढून बर्फ.

तीन रकाने: गुलमर्ग, औली, सोलंग.
रविवारी, गिरणीचा पट्टा चढवायच्या आत, तीन फोन.
तन्वीर लोन गोंडोल्याच्या खालच्या टोकाला तिकिटं फाडतो,
पंवारचं जोशीमठात हॉटेल,
टशी फारसं बोलतच नाही, आकडा सांगतो आणि खोकतो.
चौघं एकदा एकाच दोरीला होते.
एवढंच मला माहीत.

मी बर्फ बघितलेला नाही.
पण ह्यांनी मला शिकवला, पिठावर.
बासमतीचं, चिमटीत धरलं की सुटतं:
"हे गुलमर्ग, जानेवारी, पहाटे. ह्यावर स्की आवाज करत नाही."
जोंधळ्याचं, दाबलं की बसणारं: औली.
"नवशिक्यानं इथं पडावं."
बेसन म्हणजे दुपारचं ऊन खाल्लेलं सोलंग,
पाय धरून ठेवतं, गुडघा मागतं.
आणि कण्या? मी विचारलं.
"कण्या मार्चात. रात्री गोठतं, दिवसा सुटतं.
त्यावर घसरायची मजा म्हाताऱ्यांनाच कळते."

सुळग्याची निंगव्वा डबा पुढं करते,
"सुभेदाररे, नम्म हिट्टु याव ऊरिंदु?"
हे चिमूट घेतात, बोटांत चोळतात,
"औली. पण वरच्या अंगाची."
डबा डोक्यावर घेताना तिची मान जरा ताठ असते.

यंदा वही लवकर अडली.
गुलमर्ग चार इंच. औली नाही. सोलंग भुरभुर.
पुढच्या रविवारी तेच चार इंच, तेही सावलीत.
जानेवारी अर्धा सरला तेव्हा तन्वीर म्हणाला,
उतारावर घोडे चरायलेत, साब.
पंवारनं बर्फ सोडून भिंतीतली भेग सांगितली.
ह्यांनी औलीच्या रकान्यात लिहिलं: तीन बोटं.
गुलमर्गसमोर पेन टेकवलं, उचललं.
शून्य लिहिलं नाही.
त्या दिवशी सगळ्यांचं दळण जाड पडलं.
मी दगड जुळवले.

फेब्रुवारीत शाळा सुटली की पोरं
खताची पोती घेऊन राजहंसगडाच्या उतारावर.
गवत वाळलेलं, निसरडं, कुसळांचं.
हे हाकलायला गेले, हातपाय मोडतील म्हणून.
दिवेलागण झाली तरी परत नाहीत, म्हणून मी गेले.
वर उभे होते, गुडघे वाकवून, तो डावासुद्धा,
"वजन पुढं! मागं रेललास की संपलास!
पायांकडं काय बघायलास, उताराकडं बघ!"
आणि भरमा हुंदऱ्याचा नातू पोत्यावर उभाच,
दहा हात आला, मग गवतात.
तिथूनच ओरडला, "आज्जा, किती मार्क?"

रात्री वहीत रेघ पडली, पट्टी न लावता, वाकडी.
राजहंसगड, उत्तर अंग. गवत, कोरडं.
खोली घोट्यापर्यंत. वारा पश्चिमेचा. शेरा: कुसळं.
रविवारी तन्वीरला ते वाचून दाखवलं.
पलीकडं बराच वेळ हसणं, मग काही नाही,
मग त्यानं काहीतरी विचारलं असावं, कारण हे म्हणाले,
"नाही रे. इथं कुठलं पडतंय."

होळी झाल्यावर टशीचा फोन आला, रविवार नसताना.
कालपासनं पडतंय. काठी बुडली. मोजत नाही.
ह्यांनी पट्टा थांबवला, भर गर्दीत.
मी हात झटकत आले तर हे
चाळणीखालचं ओंजळभर पीठ घेऊन उभे,
"बघ," म्हणाले, "बघ."
बघितलं.
निंगव्वाचा जोंधळा,
आधीच्या दळणाची डाळ थोडी लागलेली.