उसनी शिडी

पंपघराच्या माडीवर आम्ही चौघं,
पायाखाली तीन पंप,
खिडकीबाहेर समुद्रापेक्षा दीड मीटर खाली
बटाट्याचं शेत, चर्च, क्राइनचं घर.

फळ्यावर तीन नावं, फेन्नाच्या अक्षरात.
शेवटचं तिने दोनदा अधोरेखित केलेलं.

जुना प्रोग्राम पास्कलमधला, एक्याण्णव सालचा,
ह्युब्रेख्टने एकट्याने लिहिलेला.
ह्युब्रेख्ट वारला. तो चालतो त्या संगणकाचा एक भाग
आम्ही गेल्या वर्षी
एका शाळेच्या अडगळीतून विकत आणला.
म्हणजे पास्कल आधीच खोडलेलं, न बोलता.

ट्यून म्हणाला, पायथन. सहा आठवड्यांत उभं करतो.
फेन्ना म्हणाली, आणि सातव्यात मध्यरात्री कोसळलं तर?
तो म्हणाला, तुझ्या भाषेत सहा महिने
कंपायलरच्या विनवण्या करत बसू.
ती म्हणाली, तो दिवसा ओरडतो
म्हणून रात्री कुणाला ओरडावं लागत नाही.

मी दोघांचंही लिहून घेतलं. माझं काम तेच:
निधी, मुदत, आणि फॉर्मवर
'निवडीचे कारण', दोन ओळींची जागा.

"रस्ट," क्राइनने वाचलं, चष्मा कपाळावर सरकवून.
"म्हणजे विसावा. बरं नाव आहे."
आमच्या डचमध्ये तसंच.
फेन्ना म्हणाली, नाही, शब्द इंग्रजीतला. गंज.
एकतीस वर्षं त्याने याच पंपांचा गंज
तारेच्या ब्रशने खरवडला आहे.
तो फळ्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, "निदान आधी सांगून तरी येतोय."

क्राइन बैठकीत का, हे ट्यूनने हळूच विचारलं होतं.
एका जानेवारीत, फोन बंद, ह्युब्रेख्ट दवाखान्यात,
वारा वायव्येचा, आणि दोन नंबरचा पंप गप्प.
क्राइनने टॉर्च दातात धरून
पडद्यावर ओळीमागून ओळ वाचली,
चाळीसचे पंचवीस केले,
आणि पंप सुरू झाला.
तो प्रोग्रामर नव्हे.
त्याला ते वाचता आलं, एवढंच.

म्हणून फेन्नाने तोच तुकडा
दोन्ही भाषांत छापून त्याच्यापुढे ठेवला,
सोबत पेन्सिल.

पायथन तो सरसर वाचत गेला.
एका ओळीपाशी थांबला. "ही आत का सरकलीय?"
ट्यून म्हणाला, त्या मोकळ्या जागेलाही अर्थ आहे.
"आणि टॉर्चच्या उजेडात माझा अंगठा चुकला तर?"
ट्यूनने खिडकीबाहेर पाहिलं.

दुसरा कागद त्याला जड गेला.
कंसात कंस, टिंबं, आणि मध्येच
गाठ मारल्यासारखी एक खूण.
"ही काय?"
उसनं दिलंय, फेन्ना म्हणाली. वस्तू माझी, वापरतोय दुसरा.
परत येईपर्यंत मी तिच्यात बदल करू शकत नाही.
कंपायलर करूच देत नाही.

मला वाटलं, संपलं, आता हा उठणार.

"म्हणजे माझी शिडी," क्राइन म्हणाला.
"यान्नेकेला दिली की परत येईपर्यंत
मी तिची एक पायरीही काढत नाही,
कितीही मोडकी असली तरी.
यान्नेके वर असते."

पंपांचा आवाज मधल्या शांततेत वर आला.
मग ट्यूननेच म्हटलं, आकडे बाहेर ठेवू,
साध्या फाइलमध्ये, ओळीला एक आकडा,
पुढे शब्दांत कशाचा ते.
ते बदलायला कुठलीच भाषा नको.
फेन्नाने मान हलवली, जरा उशिरा,
त्याला आधी सुचलं म्हणून बहुधा.

मी फॉर्मवर लिहिलं:
स्मृतीची सुरक्षितता, दीर्घकालीन देखभाल.
खोटं नाही त्यात काही.

खाली दोन नंबरचा सूर बदलला,
आम्हा तिघांना कळलाही नाही.
क्राइन जिना उतरूनही गेला.
कागद तिथेच राहिला. त्या गाठीच्या खुणेशेजारी
पेन्सिलीने काढलेल्या दोन उभ्या रेघा,
चार आडव्या,
आणि सगळ्यात वरच्या रेघेवर
एक टिंब.