दीड रुपया बाकी

पूर ओसरल्यावर ट्रंकेतले फोटो
एकमेकांना चिकटून एकच वीट झाले होते.
चांदबी फुफू म्हणाली, जोर लावू नकोस.
परातीत पाणी घे, त्यात सोड आणि गप बस.
पाण्यानं धरलेलं पाणीच सोडवतं.

तीन दिवस घरातल्या दोऱ्यांवर
कपड्यांच्या चिमट्यांना लटकून
माणसं वाळत होती.
कुणाचा फेटा शाबूत, खालचा चेहरा गेलेला.
एका लग्नात नवरीच विरघळलेली,
मागं भिंतीला टेकवलेली सायकल मात्र लखलखीत.
मोहरमच्या एका फोटोत
पंजा उचलणारे हात आहेत, पंजा नाही.
फुफू काठीनं दाखवत गेली:
हा बाळू तांबट, पीर उठताना पहिला ऊद याचा.
हा तालमीतला दौलू, कान बघ, फुटलेत.
ह्याचं नाव आठवंना,
पण उधार मागायचा, एवढं नक्की.

आजोबांचा एकच निघाला.
दस्तगीर नालबंद, पाठमोरे,
घोड्याचा मागचा पाय मांडीवर घेऊन वाकलेले.
कॅमेऱ्याकडे बघायला त्यांना सवड नाही.
घोडा बघतोय,
थेट भिंगात,
फोटोचे पैसे त्यानंच भरल्यासारखा.
आणि मागं पाणी.
फोटोची कड येईपर्यंत पाणी.

रंकाळा? मी विचारलं.
"रंकाळा न्हवं. वरुणतीर्थ.
मैदान म्हणता तुम्ही त्येला."

त्या मैदानात मी दहा वर्षं चेंडू अडवले.
वरुणतीर्थ वेस, असा पत्ता शाळेच्या फॉर्मवर लिहिला,
र्थ नीट काढायचा म्हणून जीभ बाहेर काढून.
तीर्थ म्हणजे पाणी,
हे एकदाही मनात आलं नाही.
कपिलतीर्थात तर मी अजून वांगी घेतो.
दर जुलैत मैदान तुंबतं,
पंप लागतात, पेपरात फोटो येतो,
आम्ही गटारांना शिव्या देतो.
पाणी बिचारं घरी आलेलं असतं.

फोटोच्या पाठीवर मोडीत एक ओळ होती.
मला वाटलं, दुवा असेल, तारीख असेल,
काहीतरी आपल्यासाठी ठेवलेलं.
भूमिअभिलेखातून निवृत्त झालेले कंदलगावकर
चष्मा कपाळावर सरकवून वाचू लागले.
दोनदा वाचलं. मग हसू लागले.
"माणगावे आर्ट स्टुडिओ.
नालबंद यांजकडे दीड रुपया बाकी.
घोडी दोनदा हलली."

म्हणजे घोडा नव्हता, घोडी होती.
आणि आम्ही देणेकरी.

पापाच्या तिकटीला हिंडलो.
स्टुडिओच्या जागी मोबाइल कव्हरांचं दुकान,
गल्ल्यावर कानात वायर घातलेला पोरगा.
माणगावे? कोण माणगावे?
काय पाहिजे बोला.
मी म्हटलं, काच बसव फोनला.
त्यानं फुंकर मारली, कापड फिरवलं,
बुडबुडा काढायला अंगठा दाबला.
किती?
"दीडशे."
कोल्हापुरात जन्मून
पहिल्यांदा मी घासाघीस न करता पैसे दिले.

तिथून मैदानात.
फोटो हातभर लांब धरला,
एक डोळा मिटून कोपऱ्यातला कळस जुळवत
मागं सरकलो, डावीकडे सरकलो,
पोरांच्या खेळात शिरलो, ओरडा खाल्ला.
कळस कळसावर बसला तेव्हा
आजोबा उभे होते तिथं
एकाची चप्पल आणि पाण्याची बाटली ठेवलेली,
म्हणजे ही त्यांची बाउंडरी.
पलीकडं, म्हशी डुंबत होत्या तिथं, खेळपट्टी.

कानापाशी सूं झालं, चेंडू गेला.
"काका! तुम्ही बघितला! चौका का न्हाय?"

काय सांगावं.
तोंडातून निघून गेलं,
पाण्यात गेला रे.

पोरगं मागं वळून
बराच वेळ बघत राहिलं.
"कुटल्या?"