तीन नंबरची खिडकी

ये डेल्फीन, हे स्टूल डुगडुगतं, डाव्या अंगाला टेकून बस.
रविवार सकाळ. एल्कोत बाहेर उणे बारा,
आणि आत, अकरा पडद्यांवर हिरवंगार गवत.
रांग लागायच्या आत थोडं सांगून ठेवते.

सगळ्यात सोपी ती सरळ पैज : कोण जिंकणार, एवढंच.
पण बलाढ्य संघावर शंभर कमवायचे
तर तीनशे मांडावे लागतात,
दुबळ्यावर शंभर मांडले, तर लागल्यास अडीचशे.
खात्री महाग असते इथे, आशा स्वस्त.
बाहेरही तसंच असेल, मी फारशी बाहेर जात नाही.

मग फरकाची पैज. हिच्यावरच हे दुकान चालतं.
डेन्व्हर उणे साडेसहा, म्हणजे
डेन्व्हरने नुसतं जिंकून भागत नाही, सातने जिंकायला हवं.
समोरच्याने खुशाल हरावं, पण बेतानं.
आणि हे ‘साडे’ नीट बघ.
मैदानावर अर्धा गुण कुणालाच मिळत नाही.
तो आम्ही घडवतो, इथे, बरोबरी होऊ नये म्हणून.
साडे नसलं आणि आकडा नेमका जुळला
तर पैसे जसेच्या तसे परत.
लोक तेही हरल्यासारखं तोंड करून मोजून घेतात.

दोघांचे मिळून गुण साडेचव्वेचाळीसच्या वर की खाली, ही तिसरी.
‘खाली’वाले एकेकटे बसतात, बघशील तू.
कुणी चेंडू घेऊन सुटला की सगळी खोली उभी राहते,
हे मनात म्हणत असतात, पड बाबा, पड.

मिसेस लुंडग्रेन वीस डॉलर लावते, कुठलाही सामना असो,
पहिले गुण लाथेनेच येणार यावर.
तिचा मुलगा शाळेच्या संघात लाथ मारायचा. पुढचं विचारू नकोस.

कॉलेजची पोरं पाच सामने एका दोरीत ओवून आणतात,
आवळा देऊन कोहळा काढायला.
एक मणी निसटला की माळ गेली.
गाजराची पुंगी म्हणावी, तर वाजली नाही
म्हणून हिला मोडून खाता येत नाही, तिकिटाचा कागद चिवट असतो.
आणि ऑगस्टातच फेब्रुवारीचा विजेता सांगणारे,
त्यांच्या तुरी अजून बाजारात.

आपलं पोट? एकशे दहा घ्यायचे,
जिंकला तर वर शंभर द्यायचे.
दोन मांजरं, एक लोण्याचा गोळा.
आपण कोण ते ओळख. गणवेश बरा आहे, एवढंच.

आता दारातून येतोय तो बेन्यात इचेव्हेरी, वय एक्क्याऐंशी.
आधी टोपी काढेल, बर्फ झटकेल, मगच बोलेल.
हा नेहमी हरणाऱ्याच्या बाजूने : अधिक साडेदहा, अधिक तेरा.
गेल्या रविवारी याचा संघ तेराने मागे, नऊ सेकंद उरलेली,
स्टेडियम निम्मं रिकामं, लोक गाडीच्या किल्ल्या चाचपताहेत,
आणि प्रशिक्षकाने, कशाला कोण जाणे, लाथ मारायला लावली.
सत्तावीस-सतरा.
तिथे कुणी टाळी वाजवली नाही.
इथे हा उभा राहिला, आणि परत बसला.

मी विचारलं, हरणाऱ्यांवरच का रे?
म्हणाला, रुबी डोंगराखाली बावीस हिवाळे मेंढ्या राखल्या.
मालक पानगळीतच आकडा धरायचा, यंदा चाळीस मरतील.
मी एकतीसवर थांबवल्या तर पाठ थोपटायचा,
व्हिस्कीची बाटली द्यायचा.
एकतीस मेल्याच होत्या, बाई. मीच पुरल्या.
बाटली मात्र प्यायलो.

त्याला घाई करू नकोस. बोटं वाकडी झालीत,
नोटा एकेक सुटतात.
तिकीट निघालं की आकडा मोठ्याने वाचून दाखव.
‘साडे’ गाळू नकोस, तो तिथेच मान हलवतो.
चल, फिरव पाटी.