तिरक्या रेघा

सोसायटीच्या ग्रुपवर दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी
खळदकरांनी लिंक टाकली.
टँकरचा हिशेब, सर्वांनी पाहावा.

निळी नव्हती. दाबून काही होईना.
सी, दोन ठिपके, तिरकी रेघ,
युजर्स, तिरकी रेघ, यशवंत-खडकी,
मग डॉक्युमेंट्स, मग घरचं,
मग मंदाला-नको,
मग बायॉप्सी-दुसरं-मत,
आणि सगळ्यात शेवटी, बिचारा,
टँकर-मे-फायनल-फायनल.

भलत्याच फोल्डरात जाऊन पडलेला हिशेब.

"काका, ओपन होत नाही," बी-सातच्या पोरानं लिहिलं.
दोघातिघांनी न वाचताच अंगठे उमटवले.
मी वाचलं. मला खोडच ती.
शिवाजीनगर कोर्टासमोर बावीस वर्षं खरेदीखतं टाइप केली,
सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, चतुःसीमा:
पूर्वेस ओढा, पश्चिमेस सख्ख्या भावाची मिळकत,
मध्ये तारेचं कुंपण.
जमीन न बघता कळायचं
कोणाचं कोणाशी पटत नाही.

आणि हा माणूस
एकतीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात होता.
फाटकावर खिसे उलटे, डबा उघडा,
काडेपेटी बाहेर,
पुढे मोबाइल आले तर मोबाइल बाहेर.
आज काय केलंत विचारलं तर म्हणायचा, काम.
मुलीच्या चौथीतल्या निबंधात
"माझे बाबा काहीतरी बनवतात"
एवढंच होतं. बाईंनी लाल शाईनं विचारलं होतं, काय?

मी फोन केला. "काढून टाका ते, आत्ता."
"पण उघडत नाहीये ना कुणाला?"
"दार नाही उघडत. पाटी बाहेरच्या अंगाला असते, काका."
पलीकडे नुसता पंखा ऐकू आला.
मग, "कुठे दाबायचं?"
बोट ठेवून धरा. कचऱ्याचा डबा येईल. हो, तोच.
आता दोन ओळी दिसतील.
माझ्यासाठी नव्हे. सगळ्यांसाठी.

एकूण तीन मिनिटं.
मागे राहिलं: हा मेसेज काढून टाकण्यात आला.
ते वाक्य मात्र निघत नाही.

रात्री मी माझ्या लिंका तपासल्या.
भाचीला नारायणपेठ साडीची पाठवली होती.
प्रश्नचिन्हापर्यंत साडी,
त्यापुढे दीड वीत मी:
कुठला फोन, कुठल्या जाहिरातीवरून आले,
किती वाजता, आणि काही आकडे
जे मला माझेच असून ओळखू येईनात.
कोथिंबिरीची मुळं कापतात तसं
प्रश्नचिन्हासकट सगळं कापलं, पुन्हा दाबून पाहिलं.
साडी उघडली. तीच, तेवढ्याच किमतीला.
म्हणजे ते शेपूट साडीचं नव्हतंच कधी.

सकाळी घंटागाडीपाशी मंदाकिनीबाई.
दोन हातात दोन बादल्या, ओली, सुकी.
"काल ह्यांनी काही पाठवलं होतं ना?"
"टँकरचा हिशेब."
"उघडला तुमच्याकडे?"
"नाही."
"माझ्याकडेही नाही."

गाडीतलं गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.
त्यांनी सुक्या बादलीतून एक पाकीट परत काढलं,
लॅबचं, वर छापील चिकटपट्टी:
नाव, वय, फोन, विश्रांतवाडी.
चिकटपट्टी नखानं सोलली,
तिचे तुकडे, तुकड्यांचे तुकडे केले,
आणि ओल्यात, चहाच्या चोथ्यात कालवले.

"त्यांना म्हणू नका मला ठाऊक आहे,"
बादली आपटून रिकामी करत म्हणाल्या,
"फार जपून ठेवलंय हो त्यांनी."