वानवळा

क्लाक्सविकला हिवाळ्यात सूर्य
अकराच्या सुमारास डोंगरामागे नुसता खाकरतो,
बाहेर येत नाही.
म्हणून आम्ही ऊन खातो ते ताटातून.
देवमाशाच्या चरबीची बोटभर फोड,
उकडलेला बटाटा, मीठ.
बाबा म्हणायचे, खा,
यात मागचा उन्हाळा आहे.

देवमाशाला भाव नसतो इथे.
वहीत आकडा पडतो, घरटी वाटा निघतो,
आणि ज्याला किनाऱ्यापर्यंत चालवत नाही
त्याच्या दारात बादली आधी.
लहानपणी मारयुनकडे ती मीच न्यायचे,
दोन्ही हातांनी, गुडघ्यावर आपटत.

त्याच चरबीतून आणखीही कुणाकुणाचा वानवळा यायचा.
कुठल्यातरी शहरातल्या ट्रान्सफॉर्मरचं तेल,
कुठल्यातरी कापसावरची फवारणी,
धुराड्यातून उडालेला पारा.
वाऱ्यावर, पाण्यात, माकूलच्या पोटात,
माकूल देवमाशाच्या पोटात,
न मागता, नाव न सांगता.
वानवळ्याचं भांडं रिकामं परत करू नये म्हणतात.
यांना काय घालून पाठवायचं?

मी रक्त काढते, दवाखान्यात, आठ ते तीन.
बाबांचं मीच काढलं.
हात धरायला दुसरी नर्स लागली,
कारण तो आता स्वतःच्या मनानं हलतो;
एके काळी याच हातानं ते अंधारात
जाळ्याची गाठ सोडवायचे.

कागद आला.
पारा: चढा. ती लांबलचक नावाची रसायनं: चढी.
ड जीवनसत्त्व: तळाला.
इतकं ऊन खाऊन?
एयदुन डॉक्टरांनी चष्मा पुसला, परत पुसला.
म्हणाले, "एक दुसऱ्याला अडवत असेल.
नसेलही. या वयात कातडीही आळसावते.
हाताचं याच्यामुळेच, असं मी लिहून देणार नाही.
अजून मोजतोय आम्ही."
मला त्यांचा राग आला
आणि ते खोटं बोलले नाहीत म्हणून बरंही वाटलं.

मला सहावा महिना आहे.
मी ती फोड खात नाही.
खिडकीत थेंबांची बाटली आहे,
रोज जिभेवर तीन, कशाचीच चव नाही त्यांना.

यंदा ऑगस्टात पहिली बादली आमच्या दारात आली.
बाबा कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिले;
इतकी वर्षं ती आमच्या दारातून बाहेर जायची.
आणणारा पोरगा मारयुनचा पणतू,
नाक वाहतंय, घाई आहे.
"थांब," बाबा म्हणाले.
चरबी टोपात काढली, बादली धुतली,
तिच्यात एकेक करून बटाटे टाकायला लागले.
तिसरा हातातून सुटला,
पायरीवरून घरंगळत पार रस्त्यावर.
मी उठणार होते.
पोरगं आधीच धावलं होतं.