बॅटरीच्या उजेडात

नंदगडला आई सातव्या रात्री
दिवा मालवून खुराड्याशी बसते,
एकेक अंडं बॅटरीच्या तोंडावर धरते.
लाल शिरांचा कोळी दिसला की
"हाय गं," म्हणते, परत कोंबडीखाली सारते.
आरपार नुसतं पिवळं असेल तर बाजूला,
सकाळच्या तव्यासाठी.
नासकं म्हणत नाही त्याला.
"कोंबडा पोचला न्हाई," एवढंच.

मी टिळकवाडीत, तिसऱ्या मजल्यावर,
हेच करते, पगार घेऊन.
काल आठ बीजांडं आली,
बैलहोंगलच्या पट्टणशेट्टी बाईंची.
प्रत्येकाभोवती हजारोंची झुंबड सोडली.
एक आत शिरला की कवच घट्ट होतं,
दुसऱ्याला वाट नाही.
आमच्याकडच्या हद्दीच्या खटल्यांना
किती वर्षं लागली, हे त्या पेशीला
कोणी सांगितलेलं नसतं.

आज सतरा तासांनी भिंगाखाली
दोन फिकट गोल शोधत होते,
एक तिचा, एक त्याचा,
खेटून, पण अजून न मिसळलेले.
सात गप्प.
आठव्यात दिसले.
डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला.
होतेच.

फोन मलाच करायचा होता.
बाईंना कन्नडच येतं,
माझं कन्नड शनिवारच्या बाजारापुरतं.
"ओंद ऐतरी," म्हटलं. एक आहे.
तिकडे बराच वेळ पंखा ऐकू आला.
मग हळूच: "बेच्चग ऐतेन्री?"
उबेत आहे ना ते?

सदतीस अंश.
कन्नडात किती, आठवेना.
बोटांवर मोजत गेले
मूवत्तेळुपर्यंत,
आणि त्या माझ्याबरोबर मोजत होत्या.